बिलात मदरबोर्डचे नाव लिहून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले, डिप्लोमाचे, इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले, की घराघरांत एक विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर घ्यायचा. आई पतपेढीतून कर्ज काढते, वडील बोनसची रक्कम बाजूला ठेवतात, मामा थोडी भर घालतो आणि मंडळी बाजारात जातात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, यासाठी प्रसिद्धच आहे. दुकानदार विचारतो, "आय-थ्री की आय-फाइव्ह?" मंडळी म्हणतात, "आय-फाइव्ह." किती जीबी, किती इंची पडदा, शेवटचा भाव किती, एवढे बोलणे होते आणि पैसे मोजले जातात. बिलावर एकच ओळ असते : आय-५ कॉम्प्युटर, एक नग.

या ओळीत जे लिहिलेले नसते, त्याविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. प्रोसेसरचे नाव आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे तिथे काटछाट करणे विकणाऱ्याला अवघड जाते. काटछाट होते ती मदरबोर्डमध्ये, कारण त्याचे नाव कोणी विचारत नाही. उलट दुसरा प्रकारही होतो. घराला ज्याचा काडीचा उपयोग नाही असा भारी बोर्ड, रंगीत दिवे लावलेला, "पुढे कामाला येईल" म्हणून गळ्यात मारला जातो. दोन्हीकडे नुकसान कष्टाच्या पैशाचेच. म्हणून मधल्या दर्जाच्या प्रोसेसरसाठी बेताच्या किमतीचा पण टिकाऊ मदरबोर्ड कसा निवडावा, ते क्रमाने पाहू.

बोर्ड करतो काय?

चाळीत प्रत्येकाची खोली वेगळी, पण पाण्याची लाइन, विजेची जोडणी आणि जिना सर्वांचा एकच. मदरबोर्डचे तसेच आहे. प्रोसेसर, मेमरी, एसएसडी, कीबोर्ड, पडदा हे सारे त्याला जोडलेले असतात. त्यांच्यातली ये-जा तो सांभाळतो आणि प्रोसेसरला नेमक्या दाबाची वीज पुरवतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. चांगला बोर्ड घेतला म्हणून प्रोसेसर दुप्पट वेगाने चालत नाही. त्याच प्रोसेसरवर बेताचा बोर्ड आणि महाग बोर्ड यांत रोजच्या कामात जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. वाईट बोर्ड मात्र चांगल्या प्रोसेसरला अडवतो, तापतो आणि लवकर बंद पडतो. तेव्हा सर्वांत भारी बोर्ड शोधू नये, पुरेसा आणि खात्रीचा बोर्ड शोधावा.

"आय-५" एवढ्याने भागत नाही

आय-५ हे घराण्याचे नाव आहे आणि त्यात कित्येक पिढ्या झाल्या. २०१२ साली आलेला तिसऱ्या पिढीचा आय-५ आणि २०२२ च्या जानेवारीत आलेला बाराव्या पिढीचा आय-५ १२४०० हे दोघेही आय-५ च. पण पहिल्या प्रकारात चार कोअर आणि जुनी डीडीआर-३ मेमरी, तर दुसऱ्यात सहा कोअर, बारा थ्रेड आणि डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ मेमरी. जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्वस्तातला "आय-५ कॉम्प्युटर" म्हणून जो विकला जातो, त्यात अनेकदा कुठल्या तरी कार्यालयातून निघालेला जुना प्रोसेसर आणि एच-६१ किंवा एच-८१ जातीचा, फारसे नाव नसलेल्या कारखान्याचा बोर्ड असतो. एच-६१ ही २०११ सालची, एच-८१ ही २०१३ सालची चिपसेट. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे असा कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी म्हातारा झालेला असतो. जुना घ्यायचाच असेल तर जुना म्हणूनच, जुन्याच्या भावात आणि पिढी विचारून घ्यावा. नव्याचे पैसे देऊन जुना घेऊ नये.

सॉकेट जुळले पाहिजे

प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. चुलीवर बसणारे पातेले आणि स्टोव्हवर बसणारे पातेले एक असू शकते, इथे मात्र अदलाबदल चालत नाही. आय-५ १२४०० ला एलजीए-१७०० सॉकेट लागते. बारावी, तेरावी आणि चौदावी या तिन्ही पिढ्या त्याच सॉकेटवर बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने पुढच्या प्रोसेसरांसाठी एलजीए-१८५१ हे वेगळे सॉकेट आणले, ते जुन्या बोर्डावर बसत नाहीत.

सॉकेट एक असले तरी आणखी एक अडचण असते. बोर्डात बायोस नावाची एक छोटी आज्ञावली असते. सहाशे मालिकेचा बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल, तर त्यातली बायोस जुनी असते आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर ती ओळखत नाही. पडदा काळाच राहतो. बायोस नवी करून द्यायला विकणाऱ्याला सांगावे आणि कॉम्प्युटर चालू करूनच ताब्यात घ्यावा. काही बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायही बायोस बदलण्याचे बटण असते. ती सोय असली तर उत्तम.

एच-६१० की बी-७६०?

आय-५ १२४०० साठी तीन पायऱ्यांचे बोर्ड मिळतात. खालच्या पायरीवर एच-६१०, मधल्या पायरीवर बी-६६० व बी-७६० आणि वरच्या पायरीवर झेड-६९० व झेड-७९०.

वरची पायरी आधी निकालात काढू. झेड बोर्डाची मुख्य खुबी ही, की त्यावर प्रोसेसरचा वेग ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेता येतो. पण ते ज्या प्रोसेसरच्या नावापुढे के अक्षर असते त्यासाठी. साध्या १२४०० ला ती सोय नाही. म्हणजे झेड बोर्डाचे जादा पैसे १२४०० घेणाऱ्याने बहुतांशी वायाच घालवायचे.

आता एच-६१०. त्यावर मेमरीच्या दोनच खाचा असतात. डीडीआर-४ मेमरी ३२०० च्या वेगापर्यंतच चालते, त्यामुळे अशा बोर्डासाठी ३६०० वेगाची मेमरी जादा पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही. एसएसडीची एम.२ खाच तिसऱ्या पिढीच्या वेगाची असते. कागदावर हे कमी वाटते, पण टायपिंग, टॅली, प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, ऑनलाइन वर्ग, कॉलेजातले साधे ऑटोकॅड यासाठी ते पुरून उरते. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या एसएसडीतला फरक या कामांत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

बी-६६० किंवा बी-७६० कोणी घ्यावा? ज्या मुलाला किंवा मुलीला व्हिडिओ संकलन, अ‍ॅनिमेशन, मोठी थ्री-डी कामे करायची आहेत. ज्यांना पुढे ३२ जीबीच्या वर मेमरी वाढवावी लागेल, दोन वेगवान एसएसडी लावाव्या लागतील किंवा दोन-चार वर्षांनी त्याच बोर्डावर आय-७ बसवायचा आहे. अशांनी मधली पायरी निवडावी. बाकीच्यांनी चांगल्या कंपनीचा एच-६१० घ्यावा आणि उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे वाचावे.

विजेची बाजू बघा

विजेचे काम करणारे आमचे बरेच वाचक आहेत, त्यांना हे चटकन कळेल. एसएमपीएस मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट. हा दाब उतरवण्याचे काम बोर्डावर सॉकेटच्या शेजारी बसवलेले छोटे चौकोनी भाग करतात. १२४०० ची बैठी गरज ६५ वॅट धरलेली आहे, पण जोराच्या कामात तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ११७ वॅट सव्वा व्होल्टाला म्हणजे किती अँपिअर? जवळजवळ ९४. घरातला दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही! म्हणजे बोटभर जागेतून केवढा प्रवाह जातो ते बघा.

हे भाग हलके असले की तापतात, तापले की बोर्ड प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवतो. सतत तापत राहिले की आयुष्य घटते. म्हणून सॉकेटशेजारच्या या भागांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, म्हणजे हीटसिंक, बसवलेली आहे का ते पाहावे. १२४०० साठी ती नसलेलाही नामांकित कंपनीचा बोर्ड चालून जातो. पण पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्याच्या दुपारी, तासन्‌तास काम होणार असेल तर पट्टी असलेला बोर्डच घ्यावा. रंगीत दिव्यांसाठी एक रुपया जादा देऊ नये, या पट्टीसाठी थोडे जादा द्यावेत.

मेमरी कोणती?

एलजीए-१७०० चे बोर्ड डीडीआर-४ चेही मिळतात आणि डीडीआर-५ चेही. बोर्ड एका जातीचा, तर मेमरी दुसऱ्या जातीची चालत नाही. खाचेची जागाच वेगळी असते, जबरदस्तीने दाबली तर मोडते. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव जगभर चढले. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांसाठी चिपा तिकडे वळल्या आणि साध्या ग्राहकाला झळ बसली. तेव्हा घरी किंवा नातेवाइकांकडे जुन्या कॉम्प्युटरमधली धड डीडीआर-४ मेमरी असेल, तर डीडीआर-४ चा बोर्ड घेऊन तीच वापरावी. बराच पैसा वाचतो.

नवी घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांनी मेमरीचा रस्ता रुंद होतो आणि वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर त्याचा फायदा दिसतो. मात्र दोनच खाचांच्या बोर्डावर त्या भरल्या की पुढे वाढवताना जुन्या काढाव्या लागतात, याची जाणीव ठेवावी.

एएमडी घ्यायचा असेल तर

एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. तो २०२२ च्या एप्रिलमध्ये आला आणि एएम-४ सॉकेटवर, डीडीआर-४ मेमरीवर चालतो. त्याला ए-५२० चा बोर्ड पुरतो. बी-५५० वर ग्राफिक कार्ड आणि एका एसएसडीला चौथ्या पिढीचा वेग मिळतो, ए-५२० वर तिसऱ्या पिढीचा. बी-४५० चे बोर्ड २०१८ पासूनचे आहेत. त्यांच्यावर ५६०० चालतो, पण बायोस नवी हवी.

रायझन ५ ७६०० हा पुढचा, एएम-५ सॉकेटचा. त्याला ए-६२० किंवा बी-६५० चा बोर्ड लागतो आणि मेमरी फक्त डीडीआर-५. खर्च वाढतो. पण एएम-५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे आज ७६०० घेऊन काही वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवण्याची वाट मोकळी राहते. एएम-४ आणि एलजीए-१७०० यांची वाट तिथेच संपली आहे. ज्यांना पाच-सहा वर्षे तोच कॉम्प्युटर वाढवत न्यायचा आहे त्यांनी याचा विचार करावा. ज्यांचे बजेट घट्ट आहे त्यांनी संकोच न करता जुने सॉकेट घ्यावे. कोर्स पुरा होईल, नोकरी लागेल, एवढे काम तो चोख करतो.

पडदा काळा का राहतो?

इंटेलच्या नावापुढे एफ अक्षर असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नसते, ५६००जी मध्ये असते. अशा प्रोसेसरबरोबर वेगळे ग्राफिक कार्ड घेतले नाही तर बोर्डावरचा एचडीएमआय असून नसल्यासारखा. एफचा भाव थोडा कमी असतो म्हणून भुलू नये. गेमिंगचे कार्ड घ्यायचे नसेल तर साधा १२४०० किंवा ५६००जी घ्यावा.

घरी जुना मॉनिटर असेल तर त्याची तार व्हीजीएची आहे का ते आधी पाहून जावे. कमी किमतीच्या अनेक बोर्डांवर ते तोंड अजून असते, महागड्या बोर्डांवर बहुधा नसते. तसेच जुना एसएमपीएस वापरायचा असेल तर त्याला प्रोसेसरसाठी आठ पिनांची जोडणी आहे का ते बघावे. जुना पंखाही चालेलच असे नाही, कारण एलजीए-१७०० च्या भोकांचे अंतर आधीच्या सॉकेटांपेक्षा वेगळे आहे. प्रोसेसर सीलबंद डब्यातला घेतला तर १२४०० आणि ५६०० या दोन्हींबरोबर पंखा येतो. "ट्रे" म्हणून सुटा विकला जातो त्यात येत नाही.

वाचलेला पैसा

झेड सोडून एच किंवा बी घेतला, दिवे सोडले, की हातात काही रक्कम उरते. ती आम्ही सांगतो त्या क्रमाने खर्च करावी. पहिल्यांदा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस. हलका एसएमपीएस जळताना बोर्डालाही बरोबर घेऊन जातो. मग एसएसडी, मग मेमरी, मग छोटा यूपीएस. आणि ज्या प्लगला कॉम्प्युटर लावायचा त्याला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो दोष बोर्डाचा नाही, घराच्या वायरिंगचा आहे.

पैसे देण्याआधी

दुकानातच कॉम्प्युटर चालू करून विंडोजमधले सिस्टिम इन्फर्मेशन हे पान उघडायला सांगावे. त्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव असते, बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळींत मदरबोर्डची कंपनी आणि नमुना असतो. जे कबूल झाले तेच तिथे दिसते का ते मुलीने किंवा मुलाने वाचावे. मग बिल करून घ्यावे. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी, एसएमपीएस प्रत्येक वेगळ्या ओळीत, पूर्ण नावाने आणि शक्यतो सिरियल नंबरासह. "आय-५ कॉम्प्युटर एक नग" हे बिल मान्य करू नये. बोर्डाला आपल्या देशात किती वर्षांची हमी आहे, ते सेवाकेंद्र कुठे आहे, हेही विचारावे. नामांकित कंपन्यांच्या बोर्डांना साधारण तीन वर्षांची हमी असते.

"बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल," असे कोणी म्हटले तर हमीही वाचली, म्हणजे गेली, असे समजावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. तक्रार असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. मागणे म्हणजे भांडण नव्हे. आपल्या पैशाचा हिशेब मागायला कुणी लाजू नये, आणि इंग्रजी नावे वाचता येत नाहीत म्हणून मागेही राहू नये. आकडे तर सर्वांनाच वाचता येतात. १२४००, ६१०, ७६०, ५६०० एवढे एका चिठ्ठीवर लिहून नेले तरी पुष्कळ झाले.

घरी आल्यावर बोर्डाचा खोका फेकू नये. एलजीए सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकणही टाकू नये. त्याखाली केसासारख्या बारीक पिना असतात आणि बोर्ड दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर ते झाकण लावूनच पाठवावा लागतो. पिन वाकली तर हमी सहसा नाकारली जाते. खोका माळ्यावर टाकावा, झाकण पाकिटात घालावे आणि ते पाकीट बिलासह, रेशनकार्ड व शाळेचे दाखले जिथे असतात, त्याच ट्रंकेत ठेवावे.